नव्या विभागप्रमुखांना भाषणं नकोत, नीट चार्ज द्या

प्रश्न : मी नाशिकमधल्या एका विद्यापीठात प्राध्यापक आहे, आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, समन्वयकपदही माझ्याकडे आहे. येत्या जूनमध्ये आमच्याकडे सात नवे विभागप्रमुख, दोन संचालक आणि एक अधिष्ठाता पदभार घेणार आहेत. त्यांच्यासाठी दोन दिवसांचा उद्बोधन वर्ग घ्यायला कुलगुरूंनी मला सांगितलं आहे. गेल्या वेळी दीपप्रज्वलन, चार व्याख्यानं, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो असं सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे वर्षभर तीच मंडळी मला फोन करत राहिली. बिल कुठे पाठवू? रजा कोण मंजूर करतं? विद्यार्थिनीची तक्रार आलीय, काय करू? यंदा आणखी एक काळजी आहे. नव्या प्रमुखांपैकी एक जण आपल्या विभागात सगळ्यांत तरुण आहे आणि तिला ज्यांनी शिकवलं ते दोन सर त्याच विभागात आहेत. ती आत्तापासूनच घाबरली आहे. कार्यक्रम कसा आखू?
– एक समन्वयक, नाशिक

नमस्कार मॅडम,

तुमची कार्यक्रमपत्रिका तुमच्याच पत्रात आहे. वर्षभर जे फोन येत राहिले, तेच तुमचे विषय. 'उच्च शिक्षणातील नेतृत्व' या विषयावर बाहेरून वक्ते बोलावलेत तर तो तास छान जाईल. पण सोमवारी सकाळी टेबलावर जी फाइल येऊन पडणार आहे, तिचं काय करायचं हे त्यातून कोणालाच कळणार नाही. चांगला प्राध्यापक आपोआप चांगला प्रमुख होतो, असं आपण धरून चालतो. वीस वर्षं त्याने शिकवलेलं असतं, संशोधन केलेलं असतं, पेपर तपासलेले असतात. मंजुरीसाठी फाइलवर टिपणी लिहिलेली नसते, अंदाजपत्रक मांडलेलं नसतं, दोन सहकाऱ्यांच्या भांडणात मधे उभं राहायची वेळ आलेली नसते. मग एका आदेशाने हे सगळं त्याच्या अंगावर येतं. यात त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. दोन दिवस सभागृहात घालवू नका. जाणारा प्रमुख आणि येणारा प्रमुख एका टेबलाशी बसतात, तिथे खरं उद्बोधन होतं. ते घडवून आणणं हे तुमचं पहिलं काम, बाकीचं नंतर.

आपल्याकडे चार्ज कसा दिला जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. छापील नमुन्यावर दोन सह्या, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर यावर खूण, किल्ल्यांचा जुडगा आणि चहा. अर्ध्या तासात आटोपतं. मग सप्टेंबरमध्ये ऑडिटचं पत्र येतं की अमुक परिसंवादासाठी उचललेल्या अग्रिमाचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, हिशेब अजून सादर झालेला नाही. तो परिसंवाद तीन वर्षांपूर्वीचा. नव्या प्रमुखाला तो आठवतही नसतो, पण खुलासा त्यालाच लिहावा लागतो.

चार्ज तीन बैठकांत द्यायला लावा, दोन-दोन तासांच्या. पहिली बैठक कपाटासमोर. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडायचं आणि वस्तू प्रत्यक्ष मोजायच्या. नोंद पाच प्रोजेक्टरची आणि खोलीत तीनच सापडले, तर ती तफावत त्याच दिवशी दोघांच्या सहीने कुलसचिवांना लेखी कळवायची. एकदा न मोजता सही झाली की ते दोन प्रोजेक्टर नव्या माणसाने शोधायचे. याच बैठकीत पासवर्डही घ्यायचे. विभागाचा ईमेल, परीक्षेच्या पोर्टलचं लॉगिन, शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवायचं लॉगिन. यातलं एखादं निवृत्त झालेल्या कोणाच्या तरी मोबाइल नंबरला जोडलेलं असतं आणि ओटीपी त्यांच्याकडे जात राहतो. हे जूनमध्ये कळलं तर बरं, अर्जाच्या शेवटच्या तारखेला कळू नये.

दुसरी बैठक पैशांची. न सुटलेले अग्रिम, थकलेली देयकं, चालू संशोधन प्रकल्प, कोणत्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) द्यायचं राहिलंय. प्रत्येक ओळीपुढे फाइलचा क्रमांक आणि ती आत्ता कोणाच्या टेबलावर आहे हे लिहून घ्यायचं. 'पाठवलंय वर' एवढ्यावर पुढे जायचं नाही.

तिसरी बैठक माणसांची. ती आपल्याकडे बहुतेक होतच नाही, आणि मला विचाराल तर तिन्हींत तीच सगळ्यांत जास्त गरजेची आहे. कोणाचा कॅसचा, म्हणजे पदोन्नतीचा, प्रस्ताव कुठे अडकलाय, कोणाची प्रसूती रजा येऊ घातली आहे, तासिका तत्त्वावरच्या कोणत्या शिक्षकांचं मानधन राहिलंय, कोणत्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं मार्गदर्शकाशी बिनसलंय. आणि एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगा : तुम्ही कोणाला तोंडी काय कबूल केलं आहे? 'पुढच्या वर्षी हा पेपर तुमच्याकडे' असा शब्द कधीतरी गेलेला असतो. नव्या प्रमुखाला त्याचा पत्ता नसतो, तो वेगळं वेळापत्रक लावतो, आणि पहिल्याच महिन्यात कायमची अढी बसते. जमीन घेताना आपण आधी सातबारा पाहतो, बोजा कोणाचा आहे ते वाचतो. विभाग ताब्यात घेताना तेवढंही आपण करत नाही.

जाणाऱ्या काही जणांना हा अविश्वास वाटेल. त्यासाठी कुलसचिवांच्या सहीचं एकाच मजकुराचं पत्र सगळ्यांना जाऊ द्या, कोणी वगळलं गेलं नाही की कोणाला बोट दाखवलं असंही होत नाही. जे तरीही नाराज होतील त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा. बहुतेक माजी प्रमुखांना आपण केलेलं काम कोणीतरी नीट समजून घ्यावं असं वाटत असतं. कोणी विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

आता सभागृहातल्या भागाकडे येऊ. विद्यापीठाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते योग्यच केलंत. पण आपण कोणत्या कायद्याखाली बसलो आहोत, हा प्रश्न नाशिकमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ च्या स्वतःच्या कायद्याने चालतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा १९९८ चा. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरची जुनी कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडची, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खालची. खासगी विद्यापीठांचे नियम आणखी निराळे. आणि आपली माणसं या सगळ्या ठिकाणी ये-जा करत असतात. संलग्न महाविद्यालयात पंधरा वर्षं काढून कोणी दुसरीकडे संचालक म्हणून येतं, ते डोक्यात २०१६ चा कायदा घेऊन. महाविद्यालय विकास समिती, तिच्या वर्षाला किमान चार बैठका, तिथून व्यवस्थापनाकडे जाणारा ठराव, हा रस्ता त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. नव्या ठिकाणी तो रस्ताच नसतो. मग प्रस्ताव चुकीच्या मंडळापुढे जातो, दोन महिन्यांनी परत येतो, आणि प्रमुखाला वाटतं की आपल्याला मुद्दाम अडवलं जातंय.

यासाठी कुलसचिवांना एक तास द्या, पण कलमं वाचून दाखवायला नको. त्यांच्याकडून एकाच पानाचा तक्ता करून घ्या. प्रमुख स्वतःच्या सहीने काय ठरवू शकतो, कशाची फक्त शिफारस करू शकतो आणि कशाची केवळ वर माहिती द्यायची असते. किरकोळ रजा, परगावी जायची परवानगी, किती रुपयांपर्यंतची खरेदी, पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन, विद्यार्थ्याच्या हजेरीतली सूट, प्रत्येक बाब एका ओळीत. खर्चाच्या अधिकारांची मर्यादा प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते, तेव्हा तो तक्ता तुमच्याच वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. हे एक पान काचेखाली गेलं की तुम्हाला येणारे निम्मे फोन थांबतील.

त्यानंतर टिपणी. हा तास लेखा विभागातल्या वरिष्ठ लिपिकाला घेऊ द्या. प्राध्यापकांना लिपिक काय शिकवणार, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. फाइल कशाने परत जाते हे त्या माणसाइतकं कोणाला ठाऊक नसतं. प्रत्येक नव्या प्रमुखाने आपल्या विभागाची एक खरी गरज घेऊन यावं आणि तिथेच टिपणी लिहावी. 'प्रयोगशाळेतील संगणक नादुरुस्त असल्याने नवीन दहा संगणक मिळावेत, ही विनंती' अशी टिपणी हमखास परत येते. एकूण संगणक किती, बंद किती आणि केव्हापासून, दुरुस्तीसाठी काय केलं, त्यामुळे कोणत्या वर्गाची प्रात्यक्षिकं अडली आहेत, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खात्यातून) आणि त्यात शिल्लक किती, खरेदी कोणत्या पद्धतीने, आणि शेवटच्या ओळीत नेमकं काय हवंय, प्रशासकीय मान्यता की आर्थिक की दोन्ही, एवढं लिहिलं की ती पुढे सरकते. लिपिकाने लाल पेनाने त्रुटी दाखवाव्यात आणि प्रमुखाने तिथेच पुन्हा लिहावं. दोन तास गेले तरी हरकत नाही. शिवाय हे दोघं एकमेकांना नावाने ओळखू लागतात, त्याचा वर्षभर उपयोग होतो.

तुमच्या पत्रातला तिसरा फोन, विद्यार्थिनीच्या तक्रारीचा, त्याला स्वतंत्र वेळ द्या. प्रसंग सांगून चर्चा करा. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता पीएच.डी. करणारी मुलगी केबिनमध्ये येते, दार लोटते आणि मार्गदर्शकाबद्दल सांगायला लागते. आता तुम्ही काय कराल? भल्या मनाचे प्रमुख इथे दोन गोष्टी करतात. मार्गदर्शकाला बोलावून समोरासमोर विचारतात, नाहीतर 'आपण विभागातच मिटवू' म्हणतात. दोन्ही करता कामा नये. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे विनियम यांनी चौकशी अंतर्गत समितीकडे दिली आहे. प्रमुखाने शांतपणे ऐकावं, मुलीला हवी असेल तर लेखी तक्रार करायला मदत करावी, समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांपर्यंत तिला पोचवावं, आणि स्टाफरूममध्ये एक शब्द बोलू नये. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समिती कारणं नोंदवून ती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. 'परीक्षा होऊ दे, मग बघू' असं प्रमुख सहज म्हणून जातो, आणि ते दोन महिने त्या मुलीच्या मुदतीतून कापले जातात. हे प्रत्येक नव्या प्रमुखाला आकड्यांसकट माहीत असायलाच हवं. समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांना या तासाला बोलवा, त्यांचा चेहरा आणि फोन नंबर ठाऊक असला पाहिजे. रॅगिंगबद्दल महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणि यूजीसीचे २००९ चे विनियम यांच्या प्रती हातात द्या आणि पहिला फोन कोणाला करायचा ते सांगा.

कुलगुरूंचा तास ठेवा, पण व्यासपीठ नको. गोल बसावं आणि त्यांनी या दहा जणांकडून वर्षभरात काय अपेक्षा आहे ते सरळ सांगावं. दहाही जणांनी त्यांना एकेक प्रश्न विचारावा. प्रश्न आधी लिहून मागवू नका.

आता तुमच्या तरुण प्रमुखांबद्दल. त्यांची भीती खरी आहे, तिला 'आत्मविश्वास ठेवा' एवढं सांगून भागणार नाही. त्यांना म्हणावं, आदेश निघाला की विभागाच्या पहिल्या बैठकीआधी दोन्ही सरांना जाऊन भेटा. आपल्या केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्याकडे जा. विचारा, सर, तुम्हाला कोणता पेपर शिकवायला आवडेल? विभागात काय सुधारायला हवं असं तुम्हाला वाटतं? आणि ते बोलतील ते वहीत टिपून घ्या. सर ते सर, तो मान कमी व्हायचं काहीच कारण नाही.

मात्र कार्यभाराचं वाटप विभागाच्या बैठकीतच करायचं, इतिवृत्तासह. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. हा आकडा त्यांच्यासाठी मोठा आधार आहे. वर्कलोडचा तक्ता सगळ्यांसमोर फळ्यावर मांडला की बोलणं नियमावर राहतं, माणसावर घसरत नाही. ज्येष्ठांना संकोचून पहिल्या वर्षी आठ तासांवर सोडलं आणि उरलेले तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या माथी मारले, तर पुढच्या वर्षी ते परत मागता येत नाहीत, आणि तरुण सहकाऱ्यांचा विश्वास जातो तो वेगळाच. स्वतःचे तासही त्यांनी सोडू नयेत. वर्गात जाणाऱ्या प्रमुखाला विद्यार्थी काय बोलतात ते कळत राहतं.

शिवाय त्यांना दुसऱ्या विभागातला एक माजी प्रमुख जोडून द्या, ज्यांच्या हातात त्यांचा गोपनीय अहवाल नाही असा. पंधरवड्यातून एकदा कॅन्टीनमध्ये चहा, त्याची कुठेही नोंद नाही. ज्या शंका तुमच्याकडे किंवा कुलसचिवांकडे आणायला त्यांना संकोच वाटेल, त्या तिथे निघतील. खरं तर दहाही जणांना असं कोणीतरी द्यायला हवं, पण माणसं पुरणार नसतील तर सुरुवात यांच्यापासून करा.

चार्जच्या बैठका सोडल्या तर आतापर्यंत सांगितलं ते एका दिवसात बसतं. दुसरा दिवस जूनमध्ये वापरूच नका. त्याचे तुकडे करा आणि महिन्यातून एक दुपार घ्या, ज्या महिन्यात जे काम येतं त्याआधी. मार्चअखेरचं व्याख्यान जूनमध्ये दिलं तर ते फेब्रुवारीपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार आहे? दिवाळीआधी परीक्षा विभागाबरोबर एक दुपार, हिवाळ्यात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी एक, फेब्रुवारीत न वापरलेल्या निधीसाठी एक. जुलैची दुपार वेळापत्रकाला द्या आणि दहाही जणांना आपापली वेळापत्रकं घेऊन एका टेबलाशी बसवा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ऑन जॉब ट्रेनिंग असं सगळं आलंय, त्यामुळे एका विभागाचं वेळापत्रक आता दुसऱ्याला विचारल्याशिवाय लागत नाही. इतिहासाची मुलं ज्या तासाला वाणिज्यचं ओपन इलेक्टिव्ह घेणार, तोच तास इतिहासाच्या प्रमुखाने मेजरला दिलेला असतो. असे घोळ त्या टेबलावर तासाभरात निस्तरतात. नाहीतर ऑगस्ट संपेपर्यंत पत्रापत्री चालते.

त्याच दुपारी आपल्या जिल्ह्याचं वर्षही समोर ठेवा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून एसटीने येणारी मुलं तुमच्याकडेही असतील. प्रात्यक्षिकाची शेवटची बॅच साडेपाचला सुटली की त्यांची गाडी चुकते, आणि मुली असतील तर पुढच्या आठवड्यापासून घरचे पाठवत नाहीत. निफाड-दिंडोरीकडची मुलं द्राक्षाच्या हंगामात जानेवारीपासून मार्चपर्यंत अधूनमधून गायब होतात. हजेरीची नोटीस काढण्याआधी प्रमुखाला हे माहीत असावं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ऑन जॉब ट्रेनिंगला मुलं पाठवायची तर ऐनवेळी पत्र देऊन जमत नाही, आधीच्या सत्रातच बोलणी करावी लागतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. त्या दिवसांत पंचवटीतून आणि त्र्यंबक रस्त्याने ये-जा कशी होईल ते आपण सगळे जाणतो. अंतर्गत परीक्षा, मौखिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक, हे सगळं त्या तारखा टाळून बसवावं लागेल. प्रमुखांनी आत्ताच कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या तर बरं.

बाहेरचं प्रशिक्षणही हवंच. मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेच्या केंद्रांवर शैक्षणिक नेतृत्व आणि प्रशासन हा विषय असतो. पण पहिलं सत्र उलटल्यावर पाठवा. तोवर या लोकांकडे स्वतःचे प्रश्न जमलेले असतील आणि तिथे ते विचारतील. प्रमाणपत्र तुम्हाला द्यायचंच असेल तर तेही वर्षाच्या शेवटी द्या, त्या मासिक दुपारी जे नेमाने आले त्यांना.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. जाणारे प्रमुख उन्हाळी सुट्टीवर गेले की जूनपर्यंत हाती लागणार नाहीत. कुलसचिवांच्या सहीचं पत्र आणि चार्जची यादी सुट्टी लागण्याआधी त्यांच्या हातात पडली पाहिजे, आणि तिन्ही बैठकांच्या तारखा त्याच पत्रात असल्या पाहिजेत. यादीचा मसुदा तयार झाला की सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून काही राहिलं असेल तर कळवतो.